रेल्वेप्रेमींच्या स्लाइड शोची मजा डिजिटलमुळे गेली का?

अमेरिकेतल्या रेल्वेप्रेमींच्या स्लाइड शोबद्दल तुम्ही हे विचारलंय. मी दोन्ही काळ पाहिलेत, आणि मला तरी डिजिटलचा दोष थोडाच वाटतो.

पूर्वी खोलीत अंधार, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर आणि ऐंशी स्लाइडचा गोल ट्रे. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मची स्लाइड म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली तीच फिल्म. तिला निगेटिव्ह नाही, हरवली की गेली. पुठ्ठ्याच्या चौकटीवर तारीख, ठिकाण, इंजिनाचा नंबर लिहिलेला. चित्र पडद्यावर आलं की अंधारातून कुणीतरी म्हणायचं, "थांब, पुढे नको जाऊस, तो तिसरा डबा बघू दे." मग दहा मिनिटं त्या डब्यावर. एखादा निवृत्त इंजिन ड्रायव्हर त्याच चढावर गाडी कशी अडकली होती ते सांगायचा. मी शिकलो ते या मधल्या बोलण्यातून.

हे बोलणं फिल्मच्याच काळात कमी झालं. दोन प्रोजेक्टर जोडून एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचं तंत्र आलं, सोबत टेपवर संगीत आलं. कॅलिफोर्नियात स्टॉकटनला वर्षानुवर्षं भरलेल्या विंटररेलसारख्या मेळाव्यांत असे कार्यक्रम फार देखणे असत, अजूनही मला ते आवडतात. पण तिथे "थांब" म्हणता येत नाही.

डिजिटलनं नेली ती नवलाई. कोडॅकनं २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर आणि २००९ मध्ये कोडॅक्रोम बंद केली. आता सकाळी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी फोनवर पाहिलेला असतो.

मात्र एक मोठा फायदा झाला. कोडॅक्रोम २५ ही फिल्म प्रकाश इतका हळू टिपायची की धावत्या गाडीसाठी लख्ख ऊनच लागे. म्हणून जुन्या शोमध्ये ऊन पाठीशी घेऊन टिपलेली इंजिनाची तोंडंच जास्त. रात्रीच्या फोटोंसाठी छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या वाफेच्या इंजिनांभोवती फ्लॅश बल्बच्या रांगा लावल्या होत्या. आज पाऊस, बर्फ, रात्रपाळीचे कामगार, सगळं साध्या कॅमेऱ्यात येतं.

आमच्या गटानं आता नियम केलाय: वीसच फोटो, संगीत नाही, कुणी "थांब" म्हटलं की थांबायचं. गेल्या खेपेला स्कॅन केलेल्या एका जुन्या स्लाइडवर अर्धा तास गेला. इंजिन राहिलं बाजूला. मागच्या सिग्नल केबिनच्या खिडकीत उभा असलेला माणूस कोण, हेच सगळे शोधत होते.