छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून देतो; होस्टिंग, सुरक्षा आणि न्यूजलेटरची जबाबदारीही घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोथरूडमध्ये घरून, एकट्याने काम करता. दुकानदार आणि लघुउद्योजकांना वेबसाइट करून देता. आता तेच ग्राहक म्हणतात, ‘होस्टिंग, सिक्युरिटी, ते ईमेलचं न्यूजलेटर, सगळं तुम्हीच बघा. वर्षाचे काय ते पैसे सांगा.’ हे काम घ्यावं का, आणि घेतलं तर कसं करावं?

घ्या. पण डोमेन (वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव) ग्राहकाच्या स्वतःच्या नावावर असेल तरच घ्या. बाकीचं सगळं काम करता करता शिकता येतं. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी राहून गेली तर नंतर निस्तरणं फार अवघड जातं. मी पुण्यात हेच काम बारा वर्षं करतोय, सध्या तीसेक ग्राहक आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लक्ष्मी रोडवरचं एक साड्यांचं दुकान माझ्याकडे आलं ते दसऱ्याच्या आठ दिवस आधी. वेबसाइट बंद, ईमेल बंद. बघितलं तर डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्या मुलाच्या नावावर, खातं त्याच्या ईमेलवर. तो नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि तो जुना ईमेल उघडणंही त्याने सोडलं होतं. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला, आठवण पाठवावीच लागते. तशी ती गेलीही होती, पण दुकानाच्या मालकांपर्यंत पोचायचा मार्गच नव्हता. डॉट कॉमची मुदत संपली की बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो, त्यात नाव सोडवायला वेगळी, चांगलीच जड फी पडते. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जो आधी नोंदवेल त्याचं. आम्ही रिडेम्प्शनमध्ये अडकलो होतो. मालक त्या मुलाच्या आईवडिलांकडे जाऊन त्याचा नवा नंबर घेऊन आले. मुलगा भला होता, त्याने रात्री जागून सगळं ताब्यात दिलं. डोमेन वाचलं, पण दसऱ्याची विक्री गेली ती गेलीच.

त्या मुलाने मुद्दाम काही केलं नव्हतं. ‘तुम्हाला कशाला त्रास, मीच घेतो’ म्हणून त्याने चांगुलपणानेच स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आपल्यापैकी बहुतेक जण असंच करतात. म्हणून सांगतो: रजिस्ट्रारचं खातं मालकाच्या नावाचं, मालकाच्या मोबाइलचं, पैसे मालकाच्या कार्डावरून. तुम्हाला काम करण्यापुरता प्रवेश मागून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली: त्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल कधीच देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, म्हणजे पासवर्ड बदलायची लिंक जिथे यायची तो दरवाजाच आतून लागलेला.

होस्टिंगबद्दल, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेबद्दल, फार लिहीत नाही. ग्राहक पुण्या-मुंबईतले असतील तर सर्व्हर मुंबईतला घ्या. इथून मुंबईला सिग्नल जाऊन यायला काही मिलिसेकंद लागतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला दोनशेच्या आसपास, आणि एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तिथे फाइलींच्या संख्येची मर्यादा किती आहे ते शोधा. जागेला मर्यादा नसली तरी फाइलींच्या संख्येला बहुधा असतेच, आणि सर्व्हरवर राहिलेला प्रत्येक ईमेल सहसा एक वेगळी फाइल असतो. माझ्या एका ग्राहकाच्या ऑफिसात सहा वर्षांचे ईमेल तसेच पडून होते. एके दिवशी मर्यादा भरली आणि वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म बंद पडला. तेव्हापासून रोजचे ईमेल आणि वेबसाइट मी एका जागी ठेवत नाही.

एसएसएल प्रमाणपत्राचे (ज्यामुळे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित राहते) वर्षाला वेगळे पैसे लावायचा विचार असेल तर सोडून द्या. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून ती फुकट देतेय आणि त्यांचं नूतनीकरण आपोआप होतं. शिवाय प्रमाणपत्रांची कमाल मुदतच टप्प्याटप्प्याने कमी होते आहे: १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७मध्ये १००, आणि २०२९मध्ये ४७. हाताने प्रमाणपत्र बदलत बसणं आता कुणाला जमणार नाही. पैसे घ्यायचे तर नूतनीकरण आपोआप होतंय ना यावर लक्ष ठेवण्याचे घ्या, कारण कुणी डीएनएसमध्ये (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींत) काही बदललं की ते गुपचूप थांबतं.

सुरक्षेबद्दल मात्र माझी मोठी चूक सांगतो. सुरुवातीला मी पैसे वाचवायला अकरा ग्राहकांच्या वेबसाइट होस्टिंगच्या एकाच सीपॅनेल खात्यात ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर फोटो गॅलरीचं एक जुनं प्लगइन (वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) होतं, बंद केलेलं, पण काढून टाकलेलं नव्हतं. त्यातूनच कुणीतरी आत शिरलं. एकच खातं असल्यामुळे एका घरात शिरलेला चोर अकरा घरांत फिरला. मला कळलं ते एका ग्राहकाच्या फोनवरून: ‘अहो, गुगलवर आपलं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं येतायत.’ वेबसाइट उघडली तर अगदी नीट दिसत होती. ती बनावट पानं फक्त गुगलला दाखवली जात होती. बॅकअप होते, पण त्याच सर्व्हरवर आणि शेवटच्या दोन आठवड्यांचेच, आणि शिरकाव त्याहून जुना होता. म्हणजे माझ्याकडचा प्रत्येक बॅकअप आधीच बाटलेला. नऊ दिवस एकेक फाइल बघत बसलो. गुगलमधली ती जपानी पानं जायला त्यानंतरही बरेच आठवडे लागले.

म्हणून आता प्रत्येक ग्राहकाचं खातं वेगळं. बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, रोजचे महिनाभर आणि महिन्याचे वर्षभर. दर तीन महिन्यांनी त्यातला एक खरोखर उघडून, रिकाम्या जागी वेबसाइट उभी करून बघतो. उभी राहिली तरच तो बॅकअप धरतो. न लागणारं प्लगइन नुसतं बंद न करता काढून टाकतो. पैशांची थीम (वेबसाइटचा तयार साचा) फुकट मिळते म्हणून कुठूनतरी उतरवून घेतलेली अजिबात नको, त्यात मागचं दार बसवलेलं असण्याची भीती फार. दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं, मालकांनासुद्धा. अपडेट त्या त्या ग्राहकाच्या सुट्टीच्या दिवशी करतो: लक्ष्मी रोडवाल्यांचं सोमवारी, भोसरी-चाकणच्या कारखान्यांचं गुरुवारी. काही बिघडलंच तर गिऱ्हाइकाच्या आधी मला दिसतं.

आणि ईमेल खात्यांत एक गोष्ट दर महिन्याला तपासा: फॉरवर्डिंगचे नियम. चोर एकदा आत आला की सहसा पासवर्ड बदलत नाही. बिलांचे ईमेल गुपचूप स्वतःकडे वळवून घेतो आणि योग्य वेळी समोरच्या पार्टीला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं पत्र पाठवतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मी प्रत्येक ग्राहकाच्या अकाउंटंटला लिहून देतो. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

आता न्यूजलेटर. हे काम लोकांना सोपं वाटतं, आणि इथेच जास्तीत जास्त नुकसान होतं. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांनी मला न विचारता दिवाळीच्या शुभेच्छा एका रात्रीत २,८०० पत्त्यांवर पाठवल्या, रोजच्याच ईमेल खात्यातून. पत्ते प्रदर्शनात गोळा झालेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे, काही दहा वर्षं जुने. शेकडो परत आले, कित्येकांनी स्पॅम म्हणून खूण केली. पुढचे दीड महिने त्यांची कोटेशन्स समोरच्याच्या स्पॅममध्ये पडत राहिली. एका नेहमीच्या पार्टीने ‘तुमचं कोटेशन आलंच नाही’ म्हणून काम दुसरीकडे दिलं. मी त्यांना आधी बजावलं नव्हतं, ही माझी चूक.

म्हणून न्यूजलेटर नेहमी त्यासाठीच्या वेगळ्या सेवेतून आणि डोमेनच्या वेगळ्या उपनावावरून (सबडोमेनवरून) पाठवा, रोजच्या पत्रव्यवहाराला त्याची झळ लागता कामा नये. एसपीएफ (या नावाने कुठले सर्व्हर ईमेल पाठवू शकतात), डीकेआयएम (ईमेलवरच्या डिजिटल सहीची खातरजमा) आणि डीमार्क (या तपासणीत न बसणाऱ्या ईमेलचं काय करायचं) या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये करा. एका नावाला एसपीएफची नोंद एकच चालते. नवी सेवा जोडताना दुसरी नोंद टाकली की दोन्ही निकामी होतात, आणि मी बघितलेल्या बिघाडांत हा सगळ्यात नेहमीचा. डीमार्क आधी फक्त अहवाल मागवण्यापुरतं ठेवा. कोण कोण तुमच्या ग्राहकाच्या नावाने ईमेल पाठवतंय ते दोन-तीन आठवड्यांत दिसतं (बिलिंगचं सॉफ्टवेअर, जुना फॉर्म, कधी भलतंच कुणी). मग कडक करा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी नियम आवळले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,०००हून जास्त ईमेल पाठवणाऱ्याला या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढायची सोय लागते. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहाव्या लागतात. आपली यादी लहान असली तरी हेच प्रमाण धरा: हजार लोकांत तीन जण चिडले की तुम्ही काठावर आलात.

पत्ते विकत घेऊ नका, ग्राहकाने विकत आणले तर टाकू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं असं म्हटलं आहे. दुकानाच्या काउंटरवर वही ठेवून, ‘महिन्यातून एक पत्र येईल, चालेल का?’ असं विचारून मिळालेले दोनशे पत्ते माझ्या अनुभवात दोन हजार उचललेल्या पत्त्यांना भारी पडतात.

मराठीत पत्र पाठवणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक दाखवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर १. त्यात सजावटीचा कोड भरपूर असला की मर्यादा लवकर येते. आणि कापला जातो तो शेवटचा भाग, म्हणजे नेमकी नाव काढायची लिंक. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. पत्र लहान ठेवा, सजावट कमी करा.

किती जणांनी पत्र उघडलं हा आकडा ग्राहकाला दाखवू नका. तो पत्रातलं एक चित्र उतरलं का यावरून मोजतात, आणि सप्टेंबर २०२१पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेलंही उघडलेलं दिसतं. फोन किती आले, उत्तरं किती आली ते मोजा. त्याच साडीवाल्यांच्या आजी गल्ल्याशेजारी बसतात. एका जूनमध्ये मी त्यांच्याशी बोलत बसलो आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहून काढलं: पावसाळ्यात जरीची साडी प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, जुन्या सुती कापडात गुंडाळा, मधूनमधून घड्या बदला, अत्तर थेट जरीवर मारू नका. एकाही साडीची किंमत त्यात नव्हती. त्या आठवड्यात दुकानात जेवढे फोन आले तेवढे कुठल्याही सेलच्या पत्राला आले नाहीत, आणि कित्येकींना आजींशीच बोलायचं होतं. हे काम मला मनापासून आवडतं ते अशा पत्रांमुळे.

पैशांचं सांगायचं तर डोमेन, होस्टिंग आणि न्यूजलेटरची सेवा यांची बिलं थेट ग्राहकाच्या नावाने येऊ द्या. तुमचं बिल वेगळं, देखरेखीचं. त्यावर किती तासांत फोन उचलाल, बॅकअप किती दिवसांचे, महिन्याला किती पत्रं, सगळं लिहा. आणि ग्राहक सोडून जायचा म्हणाला तर सात दिवसांत सगळं विनाशुल्क हातात देऊ, हेही त्याच कागदावर लिहा. माझे दोन ग्राहक असे गेले. एक दोन वर्षांनी परत आला, दुसरा आला नाही, पण त्याने पाठवलेले तीन ग्राहक आज माझ्याकडे आहेत.

सुरुवात तीनच ग्राहकांनी करा, ज्यांच्याकडे तुम्ही चालत जाऊ शकता असे निवडा. पहिल्या भेटीत वेबसाइटचा विषयच काढू नका. मालकांच्या शेजारी बसून त्यांच्याच मोबाइलवर रजिस्ट्रारचं खातं उघडून द्या आणि मुदत संपायची तारीख त्यांना स्वतःच्या हाताने दुकानाच्या कॅलेंडरवर लिहायला लावा. लक्ष्मी रोडवाले असतील तर सोमवारी जा, दुकान बंद असतं, निवांत बोलता येतं.