पेट्रोल पिकअपला सीएनजी किट बसवताना काय पाहावं?

आधी किटला तुमच्या मॉडेलसाठी मान्यता आहे का ते बघा, नाहीतर आरटीओ आरसीवर नोंद करणार नाही. इंजेक्शनचं इंजिन असेल तर सिक्वेन्शियल किटच (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) घ्या. ६० लिटरच्या टाकीत २०० बार दाबाला ९-१० किलो गॅस मावतो. टाकीचं वजन मात्र गाडी नेऊ शकते त्या मालातून वजा.

चढावर गाडी झटके देते ती बहुतेक इग्निशनमुळे. गॅस पेटायला ठिणगी जोरदार लागते, म्हणून स्पार्क प्लग नवे, त्यांच्या टोकांमधली गॅप ०.७ मिमीच्या आसपास. रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) कूलंटचं गरम पाणी नीट मिळालं नाही तर तो गोठतो. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी. डिझेल पिकअपला हे चालत नाही, त्यात स्पार्क प्लगच नसतो.