तणनाशक ताटात येतं का? इंदूरहून एक उत्तर

तुम्ही विचारलंय की इंदूरच्या आसपास सोयाबीनवर इतकी तणनाशकं मारतात, तर ती आपल्या पोटात जातात का, आणि शेतकरी खरंच कंपन्यांच्या मुठीत गेलाय का.

सोयाबीनला घाबरत असाल तर जागा चुकली. मुगाला घाबरा.

आमची इंदूरजवळ सांवेरकडे वडिलांपासूनची थोडी जमीन आहे. मी शहरात नोकरी करतो, शेत बटाईने दिलंय, पण पावसाळ्यात जवळजवळ दर रविवारी तिकडे असतो. सोयाबीन पेरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना, इमाझेथापायर हे तणनाशक मारतात; एकरी ४०० मिली. तिथून कापणीपर्यंत दोन-अडीच महिने ऊन-पाऊस चालू असतो, दाण्यात पोचतं ते फार थोडं. शिवाय इथलं बहुतेक सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं आणि पेंड कोंबड्या खातात.

मुगाचं उलटं आहे. गहू निघाला की नर्मदापुरम, हरदा भागात तवा धरणाच्या पाण्यावर उन्हाळी मूग घेतात. साठ-पासष्ट दिवसांचं पीक, पाऊस यायच्या आत उरकायचं. पण मुगाच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. खाली काळ्या झाल्या तरी वर फुलं असतात. पूर्वी बायका दोन-तीनदा तोडणी करायच्या. आता हार्वेस्टर येतो, आणि त्याला झाड वाळलेलं लागतं. म्हणून कापणीच्या काही दिवस आधी पॅराक्वाट नाहीतर ग्लायफोसेट ही तणनाशकं मारून उभं पीक सुकवतात. औषध आणि दाणा यांच्यात मग महिने नाहीत, मोजके दिवस उरतात. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही; युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. ग्लायफोसेटला आपल्याकडे परवानगी होती ती चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जमिनीपुरती. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने याच कारणावरून उन्हाळी मूग हमीभावाने घ्यायला नकार दिला. शेतकरी रस्त्यावर आले आणि थोड्याच दिवसांत खरेदी जाहीर झाली. मूग तोच होता.

आणि घरात कुणाला ताप आला की आपण पहिली मुगाची खिचडी टाकतो!

आता कंपन्या. औषधं बनवणाऱ्या बायरने २०१८ मध्ये मोन्सँटो ही बियाण्यांची कंपनी विकत घेतली, बी आणि औषध एकाच घरात आलं, हे खरं. पण सोयाबीनच्या बियाण्यात त्यांची पकड तेवढी नाही. पीक स्वपरागी, घरचं बी चालतं. आमच्याकडे जे. एस. ९५-६० घरचंच राखतात, आणि ती जात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाची. पकड बसते ती मजुरीच्या बाजूने. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात लागलेला पोरगा निंदाईला परत येत नाही. डोरा, म्हणजे कोळपं, ओढायला बैल नाहीत. आठ दिवस झड लागली की काळ्या मातीत पाय ठेवता येत नाही, तेवढ्यात तण पिकाच्या डोक्यावर. मग माणूस दुकानात जातो. खत तिथलंच, औषध तिथलंच, उधारीही तिथलीच. मंडीत माल विकला की हिशेब. 'कोणतं मारू?' हेही दुकानदारालाच विचारायचं. तो फळीवर असेल ती बाटली काढून देतो.

तणनाशक वाईटच असं मी म्हणणार नाही. चार बिघे हाताने निंदून बघा, मग बोलू. पण एकदा गव्हातल्या टू-फोर-डीचा, म्हणजे रुंद पानांच्या तणांवरच्या औषधाचा, पंप मी नीट न धुता सोयाबीनवर वापरला. तिसऱ्या दिवशी पानं वाकडी झाली, देठ पिळवटले, अर्धा बिघा गेला. चूक सर्वस्वी माझी. त्याच टू-फोर-डीने गव्हातला बथुआ जातो, ज्याला आमची आई चाकवत म्हणायची आणि डाळ-दाणे घालून ताकातली भाजी करायची. आता तो बाजारातून जुडीने विकत आणतो.

गंमत म्हणजे काडीकचरा आणि शेण कुजवून खत करायची 'इंदूर पद्धत' इथलीच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इथे संस्था काढली, यशवंत वाड त्यांचे सहकारी. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. पण ढीग रचायला, ओला ठेवायला, वरखाली करायला माणसं लागतात. पुन्हा तेच.

तुम्ही काय करावं? मूग घेताना खरिपाचा मागा, तो बहुतेक हाताने तोडलेला असतो. इंदूरच्या सियागंज बाजारात मी दरवेळी विचारतो, 'भैया, खरीफ का है?' दुकानदार दरवेळी हो म्हणतो. म्हणून गेल्या वर्षी बटाईदाराकडून बांधालगत चार ओळी मूग लावून घेतला. सहा किलो निघाला. बायकोने तेवढ्यासाठी जाळलेल्या पेट्रोलचा हिशेब काढून ठेवलाय.