स्मार्ट बोर्ड प्रत्येक तासाला हवाच का?

प्रश्न : हडपसरच्या एका शाळेत मी आठवीला गणित शिकवते. वर्गात पंचावन्न मुलं. यंदा स्मार्ट बोर्ड बसला आणि तो प्रत्येक तासाला वापरा, अशी सूचना आली. व्हिडिओ लावला की वर्ग गप्प बसतो, पण नंतर विचारलं तर कुणाला काही सांगता येत नाही. खडू-फळ्यावर शिकवलं तर मी मागे पडते आहे का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, मुळीच नाही. वर्ग गप्प आहे म्हणजे शिकतोय असं नव्हे, हे तुम्ही बरोबर हेरलंत.

खडूने जे दाखवता येत नाही त्यासाठीच बोर्ड सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याच आठवीतलं शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब) आणि मध्यगा (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याला जोडणारी रेषा) यांचं प्रकरण घ्या. फळ्यावर आपण बहुधा लघुकोन त्रिकोण काढतो, मग शिरोलंबांचा संपातबिंदू, म्हणजे ते तिन्ही जिथे मिळतात तो बिंदू, आतच असतो असं मुलं धरून चालतात. इथे जिओजेब्रा उघडा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर वर्गासाठी मोफत आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. शिरोबिंदू बोटाने सरकवत न्या. कोन ९० अंशांचा झाला की संपातबिंदू नेमका त्या काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो, आणखी सरकवलात की त्रिकोणाच्या बाहेर! पण सरकवण्याआधी हात थांबवा. "आता कुठे जाईल?" विचारा आणि प्रत्येकाला वहीत खूण करायला लावा. ज्यांची खूण चुकते ती मुलं मग मान उंचावून बघतात. माझ्या लेखी तासातला सगळ्यात मोलाचा क्षण तो.

मध्यगांना मात्र बोर्ड बंद. जुन्या लग्नपत्रिकांचे त्रिकोण कापा, मध्यगा काढा, त्यांच्या संपातबिंदूखाली पेन्सिलीचं टोक धरा. त्रिकोण तोलून राहतो, आणि हे पंचावन्न जणांच्या हातात घडतं. आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, ती याच विश्वासाने.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक पोर्टलचे व्हिडिओ मिळतात. ते घरी आधी पाहा, दोन मिनिटांचा तुकडा निवडा, मध्येच थांबवून प्रश्न विचारा.

मुख्याध्यापकांशी वाद नको. शिरोलंबाच्या तासाला त्यांना मागच्या बाकावर बसायला बोलवा आणि मुलांच्या वह्यांतल्या खुणा दाखवा.