मुलीने शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक आक्षेपार्ह वाटलं, तर ते काढायला लावता येतं का? (न्यू जर्सी, सातवी)

तशी मागणी करायचा हक्क तुम्हाला आहे. मी न्यू जर्सीतच एका मिडल स्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. सातवीतल्या लेकीच्या दप्तरात असं पान दिसल्यावर आईबापाच्या पोटात गोळा येतो, हे मी रोजच्या कामात पाहते. पण अर्ज देण्याआधी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, आणि तिला ते का घ्यावंसं वाटलं हे न रागावता विचारा.

पुस्तकाचा पुनर्विचार करा म्हणून शाळेला जो अर्ज द्यायचा, त्याच्या फॉर्मवर हाच प्रश्न असतो: तुम्ही पूर्ण पुस्तक वाचलं आहे का? मागे एक आई माझ्याकडे फोनवर एका पानाचा फोटो घेऊन आली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला. पुस्तक तिने पाहिलंही नव्हतं. मी ते कपाटातून काढून दिलं आणि तिने तिथेच बसून मागचीपुढची पानं वाचली. फोटोतल्या पानावर मुलीवर अत्याचार होतो. पुढच्या प्रकरणात ती धीर करून समुपदेशकाला सगळं सांगते. त्या आईने अर्ज भरला नाही. ‘माझ्या मुलीला एवढ्यात देऊ नका’ म्हणाली, तशी मी नोंद केली. आपल्या मुलीपुरतं ठरवायचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण त्याच वर्गात कुणाला तरी त्या पुढच्या प्रकरणाची गरज असू शकते, आणि ती मुलगी कोण हे मला कधीच कळणार नसतं.

अर्ज दिलात, तर समिती पुस्तक वाचते. निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहायला हवं, यावर मी अडून बसते. न्यूयॉर्कच्या आयलंड ट्रीज शाळांत 1976 साली बोर्डाने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाने, अकरा पुस्तकं आधी काढली आणि समिती नंतर नेमली. चार पालक आणि चार कर्मचाऱ्यांच्या त्या समितीने पाच पुस्तकं ठेवा म्हणून सांगितलं, तरी बोर्डाने बहुतेक परत ठेवली नाहीत. स्टीव्हन पिको आणि इतर काही विद्यार्थी कोर्टात गेले. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला. केवळ विचार पटत नाहीत म्हणून बोर्डाने पुस्तकं हटवू नयेत, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. मात्र न्यायाधीशांत इतकी फाटाफूट होती की बहुमताचं एक निकालपत्र झालंच नाही, म्हणून वाद अजून चालूच आहेत.

आपल्या राज्यात डिसेंबर 2024 मध्ये ‘फ्रीडम टू रीड’ कायद्यावर सही झाली. पुस्तकं निवडायचं आणि काढायचं लेखी धोरण शाळांना आता ठेवावं लागतं, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या ग्रंथपालाला संरक्षण आहे. तुमच्या शाळेचं धोरण मागून घ्या. आणि बोर्डाच्या सभेत माइक हातात घेण्याआधी ग्रंथपालांना ईमेल करून भेटीची वेळ मागा. पुस्तक सोबत न्या.