विट्याच्या फ्रीजरमधला मासा

प्रश्न : माझा भाचा केरळात कोल्लमला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, दुकानात असतो. तिथल्या बंदरावर खोल पाण्यातली कोळंबी धरणाऱ्या बोटी लागतात. त्यांपैकी एकीवर त्याला एक विचित्र मासा मिळाला. हातभर लांब, काळपट करडा, डोळे बटबटीत, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं, शेपटी उंदरासारखी निमुळती. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून तो त्याने विट्याला आणला. महिना झाला, मासा आमच्या फ्रीजरमध्ये आहे आणि घरात रोज भांडण आहे. हा दुर्मीळ असेल का? नवीन जात निघाली तर तिला माझ्या वडिलांचं नाव देता येईल का?
– एक वाचक, विटा

उत्तर : आधी घरच्यांना माझा निरोप द्या : अजून थोडे दिवस कळ काढा. 1938 साली 22 डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन गावी मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या बाईंना बोटीवर एक निळसर मासा दिसला. पाच फुटी धूड! शवागाराने तो ठेवून घेतला नाही, शीतगृहानेही नाही. पेंढा भरून घेताना आतले अवयव टाकून द्यावे लागले. मत्स्यतज्ज्ञ प्रा. स्मिथ यांना त्यांनी पत्रातून रेखाटन पाठवलं होतं, पण ते प्रत्यक्ष पोचले फेब्रुवारीत. तो निघाला सीलाकँथ, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं समजला गेलेला. त्याचं आतडं-काळीज पाहायला दुसरा मासा मिळेपर्यंत 1952 उजाडलं. त्यांच्या मानाने तुमची फ्रीजरची सोय उत्तमच म्हणायची.

आता तुमचा मासा. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. बटबटीत डोळ्यांवर आणि त्या फुग्यावर जाऊ नका. 300 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे 31 पट असतो. जाळं वर ओढलं की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं, डोळेही पुढे ढकलले जातात. म्हणजे तुम्हाला जे सगळ्यात विचित्र वाटलं, त्यातलं बरंचसं वर येताना झालेलं आहे. डोळे मुळात मोठे असतीलही, पण फोटोवरून मी त्यावर पैज लावणार नाही.

शेपटी मात्र खरी. शेवटी पंख्यासारखा पर (पोहायचा पंख) नाही, चाबकासारखी निमुळती होत गेली आहे. डोक्यामागे पहिला पर उंच, हनुवटीखाली एक बारीक मिशी. हा मॅक्रुरिडी कुळातला, म्हणजे उंदीरशेपट्या माशांपैकी, एवढं मी छातीठोक सांगतो. त्या कुळात साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, आणि खरी अडचण तिथून पुढे आहे. 1890 च्या सुमारास ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर अल्फ्रेड अल्कॉक नावाचा लष्करी डॉक्टर होता. आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांतले असे कितीतरी मासे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवले. तेव्हा नवीन जातीची आशा जरा बेताने ठेवा. आपल्या पाहण्यात नाही म्हणून मासा दुर्मीळ ठरत नाही; खोल पाण्यातल्या कोळंबीच्या जाळ्यात हे उंदीरशेपटे नेहमी येतात आणि बऱ्याचदा परत समुद्रात फेकले जातात.

जात कशी ठरते, ते तुमच्या भाच्याला लगेच कळेल. सोनं पिवळं दिसतं म्हणून तो भाव सांगत नाही. कस लावतो, वजन करतो. इथेही तेच. पोटाखालच्या परांतले काटे मोजायचे. पहिल्या पराचा लांब काटा गुळगुळीत आहे की करवतीसारखा दातेरी, ते भिंगातून पाहायचं. गुदद्वार नेमकं कुठे आहे, खवल्यावर बारीक काटे किती ओळींत आहेत, वरच्या जबड्यात दात कसे आहेत, सगळं लिहून काढायचं. गंमत म्हणजे या माशांची एकूण लांबी फारशी उपयोगाची नसते, कारण शेपटी जाळ्यात तुटते. म्हणून डोक्याची लांबी किंवा नाकापासून गुदद्वाराच्या परापर्यंतचं अंतर धरतात. काही जातींच्या पोटाखाली उजेड देणारी ग्रंथी असते. पोर्तुगालमधले कोळी त्यातल्या एका जातीचा चकाकणारा स्राव आमिषाला चोळायचे! तुमच्या माशाच्या पोटावर काळा, खवले नसलेला डाग आहे का, तेवढं पाहा. फोटोत तिथे बर्फ आहे.

नावाचं म्हणाल तर ते मासा देणारा ठेवत नाही, वर्णन छापणारा ठेवतो. त्याने कृतज्ञतेने तुमच्या वडिलांचं नाव घेऊन शेवटी ‘आय’ हे लॅटिन अक्षर जोडलं तर नियमात बसतं. पण त्याआधी एक नग ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि जवळच्या सगळ्या जातींपेक्षा तो वेगळा कसा, हे दाखवावं लागतं. एकाच माशावर असं करायला जाणकार सहसा बिचकतात.

माझी एक चूक सांगतो. सांगलीत शिकवत असताना एका विद्यार्थ्याने रत्नागिरीहून एक खोल पाण्यातला मासा आणला. मी तो बरणीत घातला आणि चिठ्ठी लिहिली बॉलपेनने. दोन महिन्यांत अल्कोहोल निळं आणि चिठ्ठी कोरी! मासा कुठला, कधीचा, किती पाण्यातला, काहीच उरलं नाही. ती बरणी पुढे अनेक वर्षं मुलांना घाबरवायला कामी आली.

तेव्हा मासा वितळू देऊ नका. फॉर्मॅलिन घरात आणू नका. ते विषारी आहे, आणि त्यात बुडवलेल्या मांसातून पुढे डीएनए काढणं अवघड होतं. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, म्हणजे कोल्लमहून जवळच होती आणि मासा उलट्या दिशेने विट्याला आला. असो. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. माशाच्या डाव्या अंगाला हात लावू नका, मोजमापं त्याच बाजूची घेतात. डीएनएसाठी तुकडा ते उजवीकडून काढतील.

आणि भाच्याला आजच फोन करा. ती बोट कोणती, तारीख कोणती, जाळं किती पाण्यात टाकलं होतं, हे त्या बोटीच्या तांडेलाला विचारून घ्यायला सांगा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा.