आईचं हिप रिप्लेसमेंट: सिरॅमिक घ्यावं का, आणि चीरा पुढून की मागून?

तुमची आई ७४ वर्षांची, खुब्याचा सांधा बदलायचाय, म्हापशात डॉक्टरांनी महागडा सिरॅमिक सांध्याचा पर्याय दिलाय, वर पुढून चीरा देणारा सर्जन शोधावा का असंही तुम्ही विचारलंय, तर माझं मत असं की या वयात सिरॅमिकपेक्षा मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा कसा बसवणार हे आधी विचारा. हाडं ठिसूळ असतील तर सिमेंट लावून बसवलेला दांडा बरा, कारण सिमेंट नसलेला ठोकून बसवतात आणि त्यात म्हातारपणी हाडाला तडा जायची भीती जास्त. तरुण पेशंटला मात्र बिनसिमेंटचा चांगला चालतो.

दांड्याच्या टोकावरच्या गोळ्याचं म्हणाल तर तो ज्या वाटीत फिरतो तिच्या अस्तराचं हल्लीचं क्रॉसलिंक्ड (जास्त टिकाऊ केलेलं) प्लास्टिक खूप कमी झिजतं, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा दोन्ही चालतात. गोळा ३२ किंवा ३६ मिमीचा असला की २८ पेक्षा निखळायचा धोका कमी. धातूच्या वाटीत धातूचा गोळा मात्र नकोच, डीप्यू कंपनीचा एएसआर हा तसलाच सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता.

पुढून केलं तर सुरुवातीचे काही आठवडे चालणं जरा लवकर जमतं पण वर्षभरानंतर फारसा फरक राहत नाही, त्यामुळे बांबोळीला (गोव्याच्या सरकारी इस्पितळात) जा नाहीतर मडगावला, सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय तीच करू द्या, आणि वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता हे सरळ विचारा, लाजू नका! बाकी चतुर्थीला पाटावर बसायचा हट्ट आईला सोडावा लागेल बहुतेक, खुर्ची द्या.